अर्धी अँटेना गच्चीवर, उरलेली अर्धी घरात

पत्र: ‘नमस्कार. मी निवृत्त शिक्षिका. लहानपणी आजोबांच्या शेजारी बसून शॉर्टवेव्हवर दूरदूरची स्टेशनं ऐकायचे. ती हौस आता पुरी करावी म्हणून गेल्या वर्षी टेबलावर ठेवायचा चांगला रिसीव्हर घेतला. घर तिसऱ्या मजल्यावर, वर गच्ची. घरात काहीच येईना म्हणून सगळ्यांना विचारून गच्चीवर २० मीटर तांब्याची तार बांधून घेतली. एक टोक लिफ्टच्या खोलीच्या गजाला, दुसरं सोलर पॅनेलच्या सांगाड्याला. तारेच्या टोकाला कोॲक्स केबलची (टीव्हीला असते तसली, मधे तार आणि भोवती धातूची जाळी) मधली तार जोडली, जाळी तशीच मोकळी ठेवली आणि केबल डक्टमधून विजेच्या वायरींबरोबर खाली आणली. आता सगळ्या डायलवर सिग्नलचा जोर दाखवणारा मीटर एस ८ च्या खाली उतरत नाही. स्टेशनं आहेत, पण खरखरीच्या पलीकडे. तार काढली की मीटर झटकन एस १ वर येतो. दुकानदाराच्या सांगण्यावरून अँटेना ॲम्प्लिफायर घेतला, तर आवाज आणखीच वाढला. समोरच्या इमारतीवर मोबाइलचा टॉवर आहे, दोष त्याचाच असणार असं सगळे म्हणतात. तार आणखी लांब करू का? अर्थिंग करू का? की नाद सोडून देऊ?’

बाई, नाद सोडू नका. (शिक्षिकेला ‘मॅडम’ म्हणायला माझी जीभ वळत नाही, तेवढं चालवून घ्या.) तुमच्या पत्रात तक्रारीबरोबर निदानही आलं आहे, फक्त ते तुम्ही जाता जाता लिहून टाकलंत: तार काढली की मीटर एस १ वर येतो.

याचा अर्थ रिसीव्हर ठणठणीत आहे. त्याच्या स्वतःच्या अंगची खरखर अगदी थोडी, आणि बाहेरून येणारा गोंगाट तिच्यापेक्षा कितीतरी मोठा. एस-मीटरवरचं एक घर साधारण ६ डेसिबलचं धरतात. एस १ ते एस ८ म्हणजे ४२ डेसिबल, शक्तीच्या हिशेबात १५,००० पटींहून जास्त. मीटर इतके प्रामाणिक क्वचितच असतात, खालच्या आकड्यांवर तर ते सर्रास थापा मारतात, पण यातलं निम्मं खरं धरलं तरी चित्र बदलत नाही. रिसीव्हरला ऐकू कमी येतंय हा तुमचा प्रश्नच नाही. त्याला नको ते फार ऐकू येतंय.

मग ॲम्प्लिफायर काय करणार? त्याच्याकडे स्टेशन आणि खरखर एकमेकांत मिसळूनच पोचतात. तो दोन्ही सारखेच मोठे करतो, वर स्वतःची थोडी भर घालतो. जवळपास एखादं जोरदार मीडियम वेव्ह केंद्र असेल तर त्या दणक्याने तो गांगरतो आणि डायलवर नसलेल्या ठिकाणी भुताटकीसारखी स्टेशनं उगवतात. शॉर्टवेव्हच्या खालच्या पट्ट्यांत बाहेरचा गोंगाट नेहमीच रिसीव्हरच्या खरखरीपेक्षा वरचढ असतो, त्यामुळे तिथे ॲम्प्लिफायर म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. तार लांब करण्याचंही तेच. लांब तारेत स्टेशन जास्त येईल आणि गोंगाटही त्याच मापाने येईल. २० मीटर भरपूर आहेत.

आता खरी गंमत. तुम्ही गच्चीवर जी लावलीत ती अर्धीच अँटेना आहे.

अँटेनाला नेहमी दोन बाजू लागतात. विजेच्या दिव्याला जशा दोन तारा लागतात, तसंच. तुम्ही एक बाजू दिलीत, ती २० मीटरची तार. दुसरी दिलीच नाहीत. पण अँटेना अर्ध्यावर अडून बसत नाही, उरलेली बाजू ती स्वतःच शोधून काढते. तुमच्याकडे तिला सापडली केबलच्या जाळीची बाहेरची बाजू. ती जाळी डक्टमधून विजेच्या वायरींना चिकटून खाली उतरते, तुमच्या टेबलापर्यंत येते, रिसीव्हरच्या पत्र्याला लागते आणि तिथून अडॅप्टरमार्गे घरातल्या सगळ्या वायरिंगला. म्हणजे तुमच्या अँटेनाची दुसरी बाजू आहे तुमचं घर. त्यातला प्रत्येक चार्जर, प्रत्येक एलईडी दिवा, राउटर, टीव्ही.

‘पण कोॲक्सची जाळी तर आतल्या तारेचं रक्षण करण्यासाठी असते ना?’ असं तुम्ही विचाराल. करते, आणि चोख करते. पण या जाळीला दोन चेहरे आहेत. उच्च वारंवारतेचा प्रवाह धातूच्या पृष्ठभागावरूनच वाहतो. ७ मेगाहर्ट्झला तांब्यात तो जेमतेम २५ मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा चाळिसावा हिस्सा, इतकाच आत शिरतो. त्यामुळे जाळीची आतली बाजू आणि बाहेरची बाजू या दोन वेगळ्या तारा असल्यासारख्या वागतात. स्टेशनचा सिग्नल आतल्या बाजूने खाली येतो, घरातला गोंगाट बाहेरच्या बाजूने वर चढतो. गच्चीवर, जिथे जाळी संपते, तिथे बाहेरच्याला आत वळायची वाट मोकळी मिळते. तिथून तो स्टेशनच्याच रस्त्याने तुमच्या कानापर्यंत येतो. केबल कितीही भारी आणली तरी हे थांबत नाही.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका, पडताळून पाहा. बाहेरून अँटेना जोडता येईल असा बॅटरीवर चालणारा छोटा रेडिओ घेऊन गच्चीवर जा. कोॲक्स पूर्ण सोडवा. तारेचं टोक थेट रेडिओला जोडा आणि घरी जिथे खरखर जास्त असते तीच वारंवारता लावा. मग कोॲक्सची मधली तार पुन्हा तारेला जोडा (खालचं टोक घरातल्या रिसीव्हरला लागलेलं असू द्या), रेडिओची जाळीची बाजू कोॲक्सच्या जाळीला लावा आणि फरक ऐका. कोॲक्स जोडल्याबरोबर घरघर उसळली, तर चोर कुठल्या वाटेने चढतोय ते तुम्हाला स्वतःच्या कानांनी कळेल. कोॲक्स नसतानाही घरघर तेवढीच असेल, तर गोंगाट गच्चीवरच आहे. तुमच्याकडे बहुधा दोन्ही निघेल, आणि त्याचं कारण तार बांधण्याच्या जागा.

बाई, रागावू नका, पण अख्ख्या गच्चीवर शोधूनही याहून वाईट दोन जागा सापडल्या नसत्या. हल्लीच्या लिफ्टची मोटर थेट विजेवर चालत नाही. तिचा वेग सांभाळणारं ड्राइव्ह प्रवाहाचे सेकंदाला हजारो तुकडे करतं, आणि प्रत्येक तुकड्याच्या धारदार कडेतून शॉर्टवेव्हभर कचरा उडतो. सोलर पॅनेल स्वतः निरुपद्रवी. पण त्यांचा इन्व्हर्टर, आणि काही ठिकाणी प्रत्येक पॅनेलमागे बसवलेली डबी, तोच धंदा करतात, आणि पॅनेलच्या लांबलचक तारा तो कचरा पसरवायला आयत्याच मिळतात. ओळखायला सोपं आहे. दर थोड्या वेळाने काही सेकंद भरून येणारी आणि मग एकदम तुटणारी घरघर लिफ्टची. सूर्य मावळल्यावर आपोआप विरणारी सोलरची. तारेचं टोक हा तिचा सर्वांत नाजूक भाग, तिथे व्होल्टेज सर्वाधिक असतं आणि शेजारच्या धातूशी ते सहज सलगी करतं. तुमच्या तारेची दोन्ही टोकं नेमकी चोरांच्या दारात बांधली आहेत.

दिलासा हा की अशा जवळच्या गोंगाटाला अंतर फार झेपत नाही. तरंगलांबीला साधारण सव्वासहाने भागलं की जे अंतर येतं, त्याच्या आत उगमाचं क्षेत्र (त्याचा विद्युत प्रभाव) झपाट्याने मावळतं. अंतर दुप्पट केलं की ते निम्म्याहून कितीतरी खाली जातं. ७ मेगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे ४३ मीटर, म्हणजे हे अंतर जवळजवळ ७ मीटर. त्यामुळे तार ४-५ मीटर बाजूला सरकवणं हे दिसतं त्याहून फार मोठं काम आहे. हजारोंच्या यंत्राने जे होत नाही ते नायलॉनच्या दोरीने होतं.

वर जायच्या आधी घरातली तपासणी उरकून घ्या. तोच बॅटरीचा रेडिओ शॉर्टवेव्हच्या खालच्या टोकाला एखाद्या रिकाम्या जागेवर लावा आणि घराचा मेन स्विच बंद करा. इन्व्हर्टर किंवा यूपीएस असेल तर तोही बंद करा, नाहीतर मेन गेल्याबरोबर तो जागा होईल आणि तुमची फसगत करेल. खरखर बसली तर उगम घरात आहे. मग एकेक एमसीबी वर करत जा आणि कान देत राहा. ज्या खटक्याला घरघर परतते, त्या खोलीत जाऊन एकेक प्लग उपटा. मीडियम वेव्हवर रेडिओच्या पोटातली फेराइटची (चुंबकीय गुण असलेल्या, चिनी मातीसारख्या कडक काळ्या पदार्थाची) कांडी इथे होकायंत्राचं काम करते. रेडिओ हातात आडवा धरून गोल फिरवा. एका ठिकाणी घरघर एकदम दबते, त्या वेळी कांडीचं टोक चोराकडे रोखलेलं असतं. या टोकाकडे की त्या, हे मात्र दोन पावलं चालून ठरवावं लागतं.

माझी स्वतःची फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी रोज संध्याकाळी सातच्या ठोक्याला माझ्या रिसीव्हरवर घरघर सुरू व्हायची आणि रात्री अकराला बंद. डायलवर दर ५०-६० किलोहर्ट्झला एक उंचवटा, आणि तो जागचा हलायचा, जसजसा तास उलटेल तसतसा हळूहळू वर सरकायचा. ही स्विचिंग अडॅप्टर तापत असल्याची खूण, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. फक्त तो अडॅप्टर शेजाऱ्यांचा असणार, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. दोन आठवडे त्यांच्या खिडकीतल्या उजेडाकडे संशयाने बघत बसलो. शेवटी एका संध्याकाळी छोटा रेडिओ हातात घेऊन घरातून फिरलो. तो पुस्तकांच्या कपाटाजवळ नेला तर किंचाळला, हातभर मागे घेतला तर गप्प. कपाटात मीच हौसेने लावलेली एलईडीची पट्टी होती, टायमरवर. सात ते अकरा. काखेत कळसा म्हणतात तो हा.

म्हणून तुमच्या संशयितांच्या यादीत पहिलं नाव तुमच्या रिसीव्हरच्या अडॅप्टरचं घाला. तो बदलून जुन्या पद्धतीचा, ट्रान्सफॉर्मरवाला जड अडॅप्टर वापरता आला तर उत्तम. व्होल्टेज आणि टोकांची उलटसुलट नीट जुळवून घ्या. किंवा ऐकण्यापुरती बॅटरी. फोन न लावता भिंतीत राहिलेले चार्जर काढून ठेवा, तेही बोलत असतात. विजेच्या वायरींतून इंटरनेट नेणारे प्लग घरात असतील तर ते मुळीच ठेवू नका. साधारण २ ते ३० मेगाहर्ट्झ, म्हणजे अख्खी शॉर्टवेव्हच, ते आपल्या कामाला वापरतात.

आता गच्ची. माझा सल्ला असा की ती २० मीटरची तार बरोबर मध्ये कापा. हो, कापाच. १४३ ला मेगाहर्ट्झने भागलं की अर्ध्या तरंगाच्या तारेची लांबी मीटरमध्ये मिळते. ७.२ ला ती येते १९.९ मीटर. ४१ मीटरच्या प्रसारण पट्ट्याला तुमची तार जणू मापूनच आणल्यासारखी आहे. १०-१० मीटरचे दोन हात, मध्ये एक इन्सुलेटर, एका हाताला केबलची मधली तार आणि दुसऱ्याला जाळी. याला डायपोल म्हणतात. अँटेनाला तिची दुसरी बाजू आता गच्चीवरच मिळाली, ती शोधायला तिने घरात उतरायची गरज उरली नाही. ४९ किंवा ३१ मीटरच्या पट्ट्यांना माप जुळत नाही, पण ऐकण्यापुरतं त्याने अडत नाही. प्रक्षेपण करायचं असतं तर गोष्ट वेगळी होती.

मधला भाग लाकडी किंवा फायबरच्या उंच काठीवर चढवा आणि दोन्ही हात उलट्या ‘व्ही’सारखे बाजूंना उतरू द्या, दोन हातांमधला कोन काटकोनापेक्षा लहान होऊ देऊ नका. टोकांना इन्सुलेटर, त्यापुढे किमान २-३ मीटर नायलॉनची दोरी, मग गच्चीचा कठडा. लिफ्टची खोली आणि पॅनेल यांच्यापासून जितकं लांब जमेल तितकं. डायपोल आपल्या टोकांच्या दिशेला सर्वांत कमी ऐकतो, तेव्हा एक टोक लिफ्टच्या खोलीच्या रोखाने ठेवा, मात्र तिच्यापासून दूर. जागा कमी पडली तर शेवटचा मीटर-दीड मीटर खाली लोंबू द्या, काही बिघडत नाही.

एवढं करूनही जाळीच्या बाहेरच्या चेहऱ्याची वाट बंद होत नाही, ती बंद करतो चोक. आणि सगळ्या कामात मला हा भाग सर्वांत आवडतो, कारण स्वस्तात इतका फरक दुसऱ्या कशाने पडत नाही. फेराइटची एक मोठी रिंग घ्या, बाहेरचा व्यास सुमारे ६१ मिलिमीटर, आणि मागताना ‘३१ नंबरचं मटेरियल’ असं स्पष्ट सांगा. शॉर्टवेव्हच्या खालच्या आणि मधल्या पट्ट्यांना तेच बरं. त्यातून आरजी-५८ सारख्या बारीक कोॲक्सचे १० ते १२ वेढे काढा. आतल्या सिग्नलला हे वेढे जाणवतही नाहीत, कारण मधल्या तारेतला आणि जाळीच्या आतल्या बाजूचा प्रवाह एकमेकांविरुद्ध असतात आणि रिंगेच्या दृष्टीने त्यांची बेरीज शून्य. बाहेरच्या बाजूने चढणाऱ्या एकट्या प्रवाहाला मात्र हजारो ओहमचा अडथळा. त्याची वाट तिथेच संपते.

वेढे मोजून घाला. अडथळा वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून बाजारात मिळणारा चापाचा फेराइट मणी केबलवर एकदा नुसता चढवला तर शॉर्टवेव्हवर त्याचा उपयोग नावापुरताच. पण १२-१४ च्या पुढे लोभ नको, वेढ्यावेढ्यांमधून प्रवाह उडी मारून जायला लागतो. आणि जुन्या कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधून निघणाऱ्या पिवळ्या-पांढऱ्या रिंगा कोणी फुकट देऊ केल्या तर हसून नाही म्हणा. त्या लोखंडाच्या भुकटीच्या असतात, या कामाला निरुपयोगी. असा एक चोक डायपोलच्या मध्यावर, जिथे केबल जोडली जाते तिथे. दुसरा घरात, रिसीव्हरच्या अगदी मागे. दोनच चोकांचे पैसे असतील तर दोन्ही याच जागी. तिसरा जमला तर अडॅप्टरच्या वायरीवर, तिलाही रिंगेतून तेवढेच वेढे.

केबल डक्टमधून काढून घ्या. बाहेरच्या भिंतीवरून, विजेच्या वायरींपासून हातभर अंतर राखून आणा, आणि जिथे त्यांना ओलांडावंच लागेल तिथे काटकोनात. टीव्हीची आरजी-६ केबल चालेल का, असा प्रश्न पुढे येणारच. बेलाशक चालेल. ती ७५ ओहमची, मोकळ्या हवेतला डायपोल ७३ च्या आसपास, आणि तिच्यात जाळीबरोबर पत्र्याचं वेष्टनही असतं. फक्त तिची जाळी बहुतेक वेळा ॲल्युमिनियमची असते, सोल्डरचा डाग धरत नाही, तेव्हा दाबून बसवायचे कनेक्टर वापरा. रिंगेवर गुंडाळायला मात्र ती जाड, चोकसाठी आरजी-५८ चाच तुकडा जोडा.

सांध्यांकडे दुर्लक्ष करू नका. नुसती पिळून ठेवलेली तार पहिल्या पावसापर्यंत ठीक. गंजलेला सांधा डायोडसारखा (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागासारखा) वागतो आणि जोरदार केंद्रं एकमेकांत कालवून नवीच खरखर तयार करतो. डाग द्या, वर स्वतःला चिकटून एकजीव होणारी रबरी टेप ताणून गुंडाळा. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते सांध्यावर फासू नका, ते तांबं खातं. आणि केबल घरात शिरण्याआधी खाली एक झोळ ठेवा, पाणी तिथून ठिबकून जाईल, खोलीत येणार नाही.

अर्थिंगबद्दल विचारलंत. या एका शब्दात तीन निरनिराळी कामं कोंबली जातात आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. एक, शॉक लागू नये म्हणून घराच्या विजेचं अर्थिंग. त्याला हात लावायचा नाही, आणि खरखर जावी म्हणून प्लगची तिसरी पिन तोडण्याचा सल्ला देणाऱ्याला घरात घ्यायचं नाही. दोन, विजेचा लोळ आणि तारेवर साठणारा भार यांच्यासाठी. केबल इमारतीत शिरते तिथे तिची जाळी अर्थिंगला जोडणं आणि गॅसचा अरेस्टर (विजेचा जादा भार अर्थिंगकडे वळवणारा भाग) बसवणं योग्यच, पण ते अर्थिंग इमारतीच्या मुख्य अर्थिंगशी जोडलेलं हवं. दोन सुटे अर्थ, आणि मधे तुमचा रिसीव्हर, ही वीज पडल्यावर फार वाईट जागा असते. हे काम जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. आणि तीन, गोंगाट घालवण्यासाठी. त्यासाठी तिसऱ्या मजल्यावरून खाली सोडलेली लांब अर्थ वायर म्हणजे पुन्हा एक अँटेनाच. तुमच्या डायपोलला त्या तिसऱ्या अर्थाची गरज नाही.

वादळाची चाहूल लागली की केबल रिसीव्हरपासून काढून खिडकीबाहेर ठेवा. गडगडाट सुरू झाल्यावर नाही, त्याच्या आधी. अरेस्टर असला तरीही. आणि तार विजेच्या तारांच्या वरून किंवा खालून कधीच नेऊ नका. काठी किंवा तार तुटून पडली तर ती त्यांच्यापर्यंत पोचता कामा नये, एवढं अंतर ठेवा. काठी उभारताना दुसरा माणूस हवा, कठड्याजवळ एकट्याने ओढाताण नको.

गच्चीवर एवढी जागा मिळालीच नाही तर दुसरा मार्ग लूपचा. साधारण एक मीटर व्यासाचं वेटोळं, सोबत त्याच्यासाठीच बनवलेला ॲम्प्लिफायर (इथे तो लागतो, कारण एवढ्याशा वेटोळ्यात सिग्नल फार थोडा येतो). वेटोळं ज्या दिशांना सपाट तोंड करून असतं, त्या दोन दिशांना ते जवळजवळ बहिरं. हाताने फिरवत एकटा चोर त्या बहिऱ्या दिशेत पकडता येतो, आणि खरखर गळून पडते. चारी बाजूंनी गोंगाट असेल तर मात्र कुठे कुठे पाठ फिरवणार?

टॉवरचं राहिलं. मोबाइलच्या लहरी शेकडो मेगाहर्ट्झच्या आणि त्याहून वरच्या, तुमची शॉर्टवेव्ह ३ ते ३० ची. त्या लहरी तुमच्या डायलवर येऊन घरघर करत नाहीत. टॉवरच्या तळाशी असलेले मोठे पॉवर सप्लाय मात्र, बिघडले तर, करू शकतात. छोटा रेडिओ घेऊन त्या इमारतीभोवती एक फेरी मारा. आवाज तिथे चढत नसेल तर टॉवर निर्दोष. शोधात चोर शेजाऱ्यांच्या घरात निघाला, तर तक्रार घेऊन जाऊ नका, रेडिओ घेऊन जा. त्यांच्याच हातात देऊन त्यांच्याच चार्जरजवळ धरायला सांगा. लोकांना गंमत वाटते, आणि बहुतेक जण प्लग काढतात. अगदीच हटून बसले तर देशोदेशीच्या दूरसंचार नियामकांकडे हस्तक्षेपाच्या तक्रारीची सोय असते, पण त्या वाटेने शेजार टिकत नाही.

थोडी खरखर शेवटी उरेलच. दूरदूरच्या विजांचा कडकडाट रात्री खालच्या पट्ट्यांवर हजारो किलोमीटरवरून येतो, त्याला चोक नाही. कार्ल जान्स्की नावाच्या तरुण इंजिनिअरला १९३०च्या सुमारास अशाच खरखरीचा उगम शोधायचं काम दिलं होतं. २०.५ मेगाहर्ट्झची, चाकांवर गोल फिरणारी अवाढव्य अँटेना त्याने बांधली. जवळची वादळं ओळखली, दूरची ओळखली, आणि तरी एक बारीक फुसफुस उरली. तिचा जोर दर २३ तास ५६ मिनिटांनी त्याच जागी परतत होता, सूर्याच्या नव्हे, ताऱ्यांच्या घड्याळाने. ती आकाशगंगेतून येत होती. तुमचा एस ८ आकाशगंगेचा नाही, तो बहुतांशी तुमच्या डक्टमधला आहे.

काम एका दिवसात उरकू नका. एक वारंवारता आणि दिवसाची एक वेळ ठरवा, आणि प्रत्येक बदलानंतर मीटर किती दाखवतो ते वहीत लिहा. आधी अडॅप्टर, मग तारेची जागा, मग डायपोल, मग चोक. पाठोपाठ चार गोष्टी केल्या तर कशाने काय झालं ते कधीच कळत नाही, आणि पुन्हा बिघडलं की पहिल्यापासून शोधावं लागतं. मीटर एस ४ च्या आसपास आला तर मी समाधान मानेन. त्या २४ डेसिबलमध्ये आज खरखरीच्या पलीकडे असलेली बरीच स्टेशनं अलीकडे येतील. वहीतले आकडे मला कळवा.

तो ॲम्प्लिफायर परत करायची मुदत उरली असेल, तर आजच जाऊन या. त्या पैशांत फेराइटच्या रिंगा आणि नायलॉनची दोरी बसतील.